वाचून दाखवणारं माणूस काढून टाकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म्समध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता कशी कामाला लागली आहे, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला आहे, दोनदा वाचला. पण वाचताना सारखं वाटत होतं की हीच गोष्ट परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या कोर्टासमोर कशी येऊन पोचली आहे, तेही कुणीतरी लिहायला पाहिजे. मी वकील नाही. गेली पस्तीस वर्षं कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवते. दावे, कैफियती, शपथपत्रं, वाटणीपत्रं, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे अर्ज, सगळं या हातांखालून गेलंय. म्हणून हे पत्र.

१९८९ साली मराठी टायपिंगची, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची, सरकारी परीक्षा पास झाले आणि एका ज्येष्ठ वकीलसाहेबांच्या ओसरीत गोदरेजच्या मशीनवर बसले. हिरवा लेजर पेपर, मधे कार्बन, एका दमात चार प्रती. शेवटच्या ओळीत चूक झाली की अख्खं पान पुन्हा. साहेब फेऱ्या मारत मजकूर सांगायचे आणि पक्षकार समोरच्या बाकावर बसून ऐकायचा. ते बाकावर बसणं किती महत्त्वाचं होतं हे मला फार उशिरा कळलं. साहेब म्हणायचे, "पूर्वेस प्रतिवादीचा धुरा," (धुरा म्हणजे शेताचा बांध) की बाकावरून आवाज यायचा, "पूर्वंला न्हाई साहेब, मावळतीला. पूर्वंला तर वढा हाय." मग साहेब थांबायचे, मी मशीन मागे घ्यायची, खोडायची, पुन्हा मारायची. दावा पुरा होईपर्यंत त्या माणसानं आपल्या दाव्यातला शब्द न् शब्द ऐकलेला असायचा. साहेबांची भाषा त्याला सगळी कळत नसे, पण कुठल्या ओळीत आपण काय म्हणतोय, हे त्याला ठाऊक असायचं.

आणि शेवटी ते वाक्य. "वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे." हे वाक्य मी किती हजार वेळा टाइप केलं असेल, हिशेब नाही. साहेबांचा दंडक होता की हे वाक्य टाइप झालं की कागद मशीनवरून काढायचा आणि मोठ्यानं वाचायचा. "बाई, घाई नको. त्याला समजलं पाहिजे." मग अंगठा किंवा सही. पावसाळ्यात वीज नसताना कंदिलावर वाचलेली शपथपत्रं आठवतात मला. साहेब गेले त्याला पंधरा वर्षं झाली.

कॉम्प्युटर मी १९९९ ला घेतला, कर्ज काढून. श्री-लिपी शिकले. पहिल्यांदा एक चूक दुरुस्त केली आणि पान पुन्हा मारावं लागलं नाही, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच सुमारास, म्हणजे १९९८ साली, सरकारनं अधिसूचना काढून जिल्हा आणि तालुका कोर्टाची भाषा मराठी ठरवली होती, त्यामुळे मराठी टायपिंगला काम भरपूर. पण कॉम्प्युटरबरोबर दुसरी सवय आली. जुना दावा उघडायचा, नावं बदलायची, गट नंबर बदलायचा, प्रिंट. एका गावच्या माणसाच्या दाव्यात दुसऱ्या गावच्या माणसाची विहीर राहून गेलेली मी स्वतः पाहिली आहे. ती विहीर साक्षीच्या दिवशी उलटतपासणीत निघाली आणि म्हाताऱ्याला उत्तर देता येईना. मजकूर तयार होण्याचा वेळ कमी झाला तसं पक्षकाराचं बाकावर बसणंही कमी झालं. तो आता सहीपुरता येतो.

या बदलांनी आमचं भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. खूप भलं केलं. पूर्वी तारीख काय पडली एवढंच विचारायला माणूस वालूर-देवगावफाट्यावरून एसटीनं यायचा, दिवसाची मजुरी बुडवून. आता त्याच्याकडे सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, असतो, नातवाच्या फोनमध्ये ई-कोर्ट्सचं ॲप असतं, रोजनामासुद्धा दिसतो. डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. कोर्ट फी ऑनलाइन भरता येते. नव्या वकिलांना तर मोठंच दार उघडलं. माझ्या साहेबांकडे नागपूरच्या एआयआरची, म्हणजे छापील निकालांची, कातडी बांधणीची भिंतभर पुस्तकं होती, आणि ज्याच्याकडे अशी भिंत नाही त्या ज्युनियरला निकाल शोधायला साहेबांची मनधरणी करावी लागायची. २००८ पासून इंडियन कानून हे निकाल शोधायचं संकेतस्थळ आलं, २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर फुकट मिळतात. परभणीची शेतमजुराची पोरगी वकील झाली आणि तिच्याकडे एकही पुस्तक नसलं, तरी ती आज निकाल काढून कोर्टापुढे ठेवते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचं कामही कधी कधी इथून पडद्यावर बघता येतं. पहाटेची रेल्वे धरून औरंगाबाद गाठायचं, तिथे बोर्डावर नंबर न लागताच रात्री परत यायचं, हे मी पक्षकारांबरोबर केलेलं आहे. ज्यानं ते केलं नाही त्याला या पडद्याची किंमत कळणार नाही.

काम मात्र फार बदललंय. ई-फाइलिंग आल्यापासून माझं निम्मं दुकान स्कॅनिंगचं झालं आहे. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि पाठ असलेली कलमं एका रात्रीत जुनी झाली. पुराव्याच्या नव्या कायद्याच्या कलम ६३ खाली फोनमधल्या मजकुरासाठी दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू नावाची लांबलचक अक्षरांची माळ भरावी लागते. व्हॉट्सॲपवरच्या शिवीगाळीचे फोटो घेऊन आलेल्या बाईला मी ते काय आहे समजावून सांगते, जमेल तेवढं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

गेल्या हिवाळ्यात एका तरुण वकिलानं फोनवर फाइल पाठवली. वाटणीचा दावा, विधवा बाई विरुद्ध दोन दीर. नऊ पानं. "ताई, प्रिंट काढा, बाई येतायत सहीला." वकील चांगला आहे, कष्टाळू आहे, गरिबाचं काम फी न घेता करतो. मजकूर त्यानं एआयकडून करून घेतला होता, त्यानंच सांगितलं, लपवलं नाही. वाचून मी थक्क झाले. साहेबांनी सांगितल्यासारखी बांधीव मराठी. एक काना-मात्रा चुकलेली नव्हती.

बाई आल्या. खुरपणीवरून तशाच आलेल्या, पदराला माती. त्यांना म्हटलं, बसा, वाचून दाखवते. त्या म्हणाल्या, "कामून? वकिलानं केलंय न्हवं." मी वाचायला लागले. पाचव्या पानावर आलं की वादीनं अमुक तारखेला प्रतिवादींना रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवून वाटणी मागितली आणि प्रतिवादींनी नकार दिला. बाईंनी हात वर केला. "म्या कुठं नोटीस दिली? म्या तर दिराच्या दारात जाऊन तोंडानं मागितलं. त्याईनं भांडे फेकून मारले."

नोटीस नव्हतीच. तारीखही मशीननं आपल्या मनानं घातली होती. वाटणीच्या दाव्यात सहसा नोटीस असते, म्हणून इथेही असेल, असं त्यानं धरून लिहिलं. आणि जे खरोखर घडलं होतं, दारात फेकलेली भांडी, ते नऊ पानांत कुठेच नव्हतं. ती बाई त्या पानाखाली शपथेवर सही करणार होती. उद्या दिरांच्या वकिलानं विचारलं असतं, बाई, नोटिशीची पावती दाखवा. ती कोर्टात खोटी ठरली असती. शपथेवर खोटं सांगणं हा गुन्हा आहे, आणि तो नावावर लागला असता त्या बाईच्या.

मी वकिलाला फोन केला. तो धावत आला, बाईंची माफी मागितली, पुन्हा सगळं बसून लिहिलं, या वेळी बाईंना बाकावर बसवून. त्याला दोष द्यायला मी हे सांगत नाही. दिवसाला सहा कोर्टं धावणारा एकटा माणूस आहे तो.

माझी भाची पुण्यात एका मोठ्या लॉ फर्ममध्ये आहे, करार तपासण्याच्या विभागात. तिच्याकडून मला या जगाची थोडी कल्पना आली. पूर्वीच्या कंपनी कायद्यामुळे वीसपेक्षा जास्त जणांची भागीदारी चालत नसे, २००८ ला एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, कायदा आला आणि फर्म्सना वाढायला वाट मिळाली. मुंबईच्या सिरिल अमरचंद मंगलदासनं करार वाचणारं 'किरा' नावाचं सॉफ्टवेअर २०१७ मध्येच घेतलं होतं. २०२३ ला लंडनच्या ॲलन अँड ओव्हरीनं 'हार्वे' नावाचं एआय आपल्या वकिलांच्या हाती दिलं, आणि मग सगळीकडे तीच चढाओढ. हे सगळं ती कौतुकानं सांगते. पण तिनं सांगितलेली एक गोष्ट मला झोपू देत नाही. तिच्या ऑफिसात मशीननं काढलेला प्रत्येक कागद आधी ती वाचते, मग तिच्या वरचा वाचतो, मग भागीदार वाचतो, आणि तेव्हा तो बाहेर पडतो. कारण चुकलं तर कंपनीचे कोट्यवधी रुपये जातील.

म्हणजे मोठ्या फर्म्सनी मशीन घेतलं आणि तपासणारी माणसंही ठेवली. तालुक्याला फक्त मशीन पोचलं. पुण्याच्या कंपनीचा करार तिघं वाचतात आणि सेलूच्या विधवेचा दावा सहीच्या आधी कुणीच वाचत नाही. तिची अडीच एकर म्हणजे तिचं सगळं आहे. ती गेली तर मागे काही राहत नाही.

मशीन खोटं सांगतं हे आता काही गुपित राहिलेलं नाही. २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधी झालेच नाहीत असे निकाल कोर्टापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. बेंगळुरूच्या प्राप्तिकर न्यायाधिकरणाला २०२४ च्या डिसेंबरातला स्वतःचा आदेश नंतर मागे घ्यावा लागला, त्यात अस्तित्वात नसलेले निकाल आले होते. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर खात्याचा आकारणीचा आदेश याच कारणानं रद्द केला. ही प्रकरणं उघडकीला आली, कारण खोटा निकाल शोधता येतो. पुस्तकात नाही म्हणजे नाही. पण दारात फेकलेली भांडी कुठल्या पुस्तकात शोधणार? पक्षकाराच्या आयुष्यातली घटना खरी की रचलेली, हे जगात फक्त तो पक्षकार सांगू शकतो, आणि तेही त्याला वाचून दाखवलं तरच.

भाषांतराचं तर विचारूच नका. आमच्या कोर्टाची भाषा मराठी, खंडपीठाची इंग्रजी. अपील वर गेलं की सातबारा, फेरफार, खरेदीखत, साक्षी, सगळं इंग्रजीत करून द्यावं लागतं. पूर्वी हे काम परभणीचे एक निवृत्त शिरस्तेदार करायचे, पानाला पैसे घेऊन, पण शब्दाला शब्द तोलून. आता फोनवर फुकटात होतं. मी तपासायला बसते तेव्हा काय दिसतं ते सांगते. पोटखराबा म्हणजे जमिनीतला पिकाखाली न येणारा भाग, त्याचं झालं होतं 'पोट बिघडणे'. खरेदीखतातलं खत रासायनिक खत झालं होतं. फेरफार म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद, तिला 'कागदात केलेली लबाडी' या अर्थाचा इंग्रजी शब्द आला होता. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, त्याचं झालं होतं घराणं. दुकानात बसलेली पोरं हसली. मला हसू आलं नाही. पोट बिघडलेलं न्यायमूर्तींच्या लगेच लक्षात येईल. पण 'लबाडी' हा शब्द इंग्रजी वाक्यात सरळ बसतो, तो वाचताना कुणालाच खटकणार नाही, आणि अपील करणाऱ्याच्याच कागदात तो लबाड ठरेल. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानं ज्याच्या आजोबाला जमीन मिळाली, त्याचं कूळ जर इंग्रजीत घराणं झालं, तर त्याच्या हक्काचा पायाच त्या कागदातून निघून गेला.

मराठवाड्याची यात आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन ध्यानात येणार नाही. आमचे जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूत. जमिनीच्या दाव्यात आम्ही १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीपर्यंत, जातो आणि त्याच्या मागचं काही लागलं तर उर्दू वाचणारा शोधावा लागतो. पाथरीचे एक गुरुजी वाचून द्यायचे, ते आता नाहीत. मागे एकदा अशाच कागदाचा फोटो काढून मी फोनमधल्या एआयला दिला. त्यानं क्षणात वाचून दिलं, स्वच्छ, ठाम. पुढे परभणीत जाणकाराला दाखवलं तेव्हा कळलं की नाव निराळंच होतं. "वाचता येत नाही" असं ते मशीन एकदाही म्हणालं नाही. गुरुजी म्हणायचे, "बाई, हे अक्षर पुसलंय, मी सांगणार नाही." २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात मोडी-उर्दूचे कागद बाहेर निघाले, स्कॅन झाले, फार मोठं काम झालं. पण स्कॅन करणं वेगळं आणि वाचणं वेगळं. वाचणारी माणसं तयार करायला नकोत का?

आणि लॉ फर्म्सबद्दल एक तक्रार. कर्जाच्या नोटिसा आता सॉफ्टवेअरमधून एका वेळी गठ्ठ्यानं सुटतात. कुठल्या तरी मोठ्या शहरातली फर्म, इंग्रजीत पाच पानांची पीडीएफ, व्हॉट्सॲपवर. ज्याच्या फोनवर येते त्याला ती उघडता येते, वाचता येत नाही. रब्बीच्या पेरणीत एक शेतकरी थरथरत दुकानात आला, त्याला वाटलं जमिनीची जप्ती आली. वाचलं तर नाव त्याचं, वडिलांचं नाव दुसरं, गाव दुसरं. ती नोटीस त्याची नव्हतीच. तीन दिवस तो जेवला नव्हता, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. खाली दिलेल्या नंबरावर फोन लावला तर यंत्र बोलत होतं. ज्या फर्मला आमच्या माणसाचं नाव छापता येतं, तिला त्याच्या भाषेत एक पान छापायला काय जड आहे? ज्या सॉफ्टवेअरनं नोटीस लिहिली तेच सॉफ्टवेअर मराठी मसुदा करून देईल, आणि तो तपासायला एक मराठी माणूस बसवता येईल.

केरळ उच्च न्यायालयानं २०२५ च्या जुलैत जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण ठरवलं. निर्णय मशीननं घ्यायचा नाही, आणि मशीननं केलेलं भाषांतर जाणकार भाषांतरकारानं किंवा न्यायाधीशानं तपासलंच पाहिजे, असं त्यात आहे. ते कोर्टाच्या आतल्या कामासाठी आहे. माझं मागणं कोर्टाच्या दाराबाहेरच्या कामासाठी आहे, आणि ते मी आपल्या वर्तमानपत्रातून मुंबई उच्च न्यायालय, बार कौन्सिल आणि आमच्या जिल्ह्यातल्या वकील संघांपुढे ठेवते. ई-फाइलिंग करताना इतक्या चौकटी भरतो, त्यात एक चौकट घाला: हा मजकूर पक्षकाराला त्याच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवला, आणि तो कुणी वाचून दाखवला त्याचं नाव आणि सही. नाव असलं की माणूस खरंच वाचतो, हे मी अनुभवानं सांगते. मसुदा किंवा भाषांतर मशीनचं असेल तर तसं लिहायची सक्ती करा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात अशिक्षित पक्षकारासाठी वाचून दाखवणारा एक माणूस बसवा. आणि राज्याच्या भाषा संचालनालयानं परिभाषेचे कोश केले आहेत, त्यांत आमच्या भागाचे महसुली शब्द, खासरा, धुरा, पोटखराबा, कूळ, इनाम, नीट अर्थासह घालून ते भाषांतराची यंत्रं करणाऱ्यांना द्या. सर्वोच्च न्यायालयाचं 'सुवास' हे भाषांतराचं साधन २०१९ पासून आहे. त्याला आमचे शब्द शिकवणं अशक्य आहे का?

त्या विधवा बाईंचा दावा दाखल झाला आहे, नोटिशीचा परिच्छेद काढून आणि भांड्यांचा घालून. तारखेला आल्या की त्या दुकानात डोकावतात. मागच्या वेळी गावच्या दुसऱ्या एका बाईला घेऊन आल्या होत्या, तिच्या हातात सहीला आलेलं कुठलंसं शपथपत्र होतं. म्हणाल्या, "ताई, हिलाबी वाचून दावा." मी वाचून दाखवलं. या कामाचे मी पैसे घेत नाही. पण आता माझं वय ५८ आहे, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि कोर्टासमोर एके काळी आम्ही नऊ टायपिस्ट होतो, त्यातल्या दोघीच उरलो आहोत.

आपली नम्र,
कोर्टासमोरची एक टायपिस्ट
सेलू, जि. परभणी